सातासमुद्रापलीकडचे घर

वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर आणि चळवळीवर लेख असतातच. आम्ही या खेपेला थोडा वेगळा विषय निवडला आहे. आपली माणसे युरोपात कशी राहिली, काय खाऊन दिवस काढले, पैसा कसा पुरवला, जयंती कुठे केली, मयतीला कोण जमले, आणि त्यांच्यामागे इकडच्या घरात काय चालले होते, याचा हा धावता इतिहास आहे. मोठमोठ्या परिषदा आणि भाषणे यांची नोंद पुस्तकांत होते. चुलीची नोंद कुणी ठेवत नाही. म्हणून हा प्रपंच.

जोतिबाच्या डोंगराखालच्या आमच्या या भागाला परगावी जाणे नवे नाही. पूर्वी परदेश म्हणजे मुंबईच होती. बापय गिरणीत, गाळ्यात दहा-पंधरा जणांची वळकटी, खानावळीचे जेवण, महिन्याची मनीऑर्डर, आणि वर्षातून एकदा गावाकडची वाट. बायकापोरे गावी. म्हणजे एकाच संसाराच्या दोन चुली. आता पोरं आणखी लांब जातात. कुणी लंडनला, कुणी जर्मनीला. पण नीट बघितलं तर गोष्ट तीच आहे: परदेशातले घर कधीच एका जागी उभे राहत नाही. त्याचा अर्धा भाग तिकडे असतो आणि अर्धा इकडे. इतिहासात तिकडच्या अर्ध्याचे नाव राहते आणि इकडचा अर्धा विसरला जातो. हे दोन्ही अर्धे जोडून ठेवायचे काम कोण करते, हेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

यवनांचे खांब

सुरुवात उलट्या बाजूने करू. आपण युरोपात जाण्याआधी तिकडची माणसे आपल्याकडे येऊन राहिली होती. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे काही ‘यवन’ आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. जुन्नरच्या लेण्यांतही एका यवनाने पाण्याच्या टाक्या दिल्याचा लेख आहे. व्यापारासाठी आलेली ही परकी माणसे. घरदार लांब राहिलेले. पण त्यांनी इथल्या संघाला खांब दिला, पाणी दिलं, आणि त्यांचे नाव इथल्या दात्यांच्या ओळीत, त्याच लिपीत कोरले गेले. कुणी त्यांना वेगळ्या भिंतीवर बसवले नाही.

आमच्या कोल्हापुरातही या येण्याजाण्याची खूण आहे. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती सापडली. रोमन काळातली ही वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आणि जोतिबाच्या डोंगराच्या कुशीतली पोहाळ्याची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहेत. भिक्षूंच्या राहण्याच्या त्या कोरीव खोल्यांतून आज वारा वाहतो. या मुलखात विहार होता, आणि विहाराच्या वाटेवर परदेशी माणूसही होता, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

फ्लॉरेन्सची चिता

अलीकडच्या काळात कोल्हापुरातून युरोपात जाऊन राहिलेले पहिले मोठे नाव म्हणजे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. बरोबर नोकरचाकर होते आणि स्वयंपाकाची आपली व्यवस्था होती, कारण परक्याच्या हातचे खाल्ले तर धर्म बुडतो अशी त्या काळची समजूत. महाराज रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहीत. काय पाहिले, कुणाला भेटलो, कोणत्या सभेला गेलो, असा तो तपशील आहे. कॅप्टन वेस्ट यांनी ती दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनला छापली.

महाराज मात्र परत आले नाहीत. येताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा अंत झाला. आता प्रश्न पडला अंत्यविधीचा. त्या देशात प्रेत पुरायची चाल, जाळायची नव्हे. शेवटी खास परवानगी मिळाली आणि आर्नो नदीला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर चिता रचली गेली. पुढे १८७४ मध्ये तिथे छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला. तो आजही आहे, आणि जवळच्या पुलाला तिथले लोक ‘इंडियानो’ म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात.

ते राजे होते म्हणून परवानगी मिळाली. साध्या माणसाला कोण विचारतो? परक्या देशात जगणे एक वेळ जमते, पण मरणाला चार माणसे लागतात, आपल्या रीतीने निरोप देणारी. फ्लॉरेन्सला महाराजांबरोबर जी मोजकी माणसे होती, तेवढाच त्यांचा समाज होता.

त्यानंतर राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही पदवी दिली. पण त्या प्रवासातली आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट लंडनात घडली नाही, कोल्हापुरात घडली. महाराज तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर गॅझेटात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. माणूस तिकडे, आणि लक्ष इकडच्या घरावर. याला म्हणतात परदेशी जाणे.

लंडनची खोली आणि परळची चाळ

बाबासाहेबांच्या लंडनच्या वास्तव्याविषयी आपण लहानपणापासून ऐकतो. तरी त्यातला रोजचा संसार एकदा नीट मांडला पाहिजे.

१९१६ मध्ये ते अमेरिकेतून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, त्यातून काटकसरीने साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांचा हातभार, एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये कागल संस्थानातल्या माणगावला परिषद झाली होती. अस्पृश्यांना त्यांचा पुढारी मिळाला असे शाहू महाराजांनी तिथे जाहीर केले, आणि तीन-साडेतीन महिन्यांत तो पुढारी पुस्तकांची पेटी घेऊन बोटीत बसला.

लंडनात भाड्याची खोली. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. धनंजय कीर यांनी चरित्रात या दिवसांचे वर्णन केले आहे. सकाळचा बेताचा नाश्ता, मग चालत वाचनालय. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सर्वांत आधी हजर आणि दार बंद होताना सर्वांत शेवटी बाहेर. दुपारच्या जेवणाला पैसा नाही. रात्री दहाच्या सुमाराला पोटात आग पडली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे. तेही मोजून चार. वर कपभर दूध. खोलीतला सोबती म्हणे, आता झोपा. तर बाबासाहेब म्हणत, खायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही.

या उपासमारीचे एक कारण हिशेबातले आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असते. बाबासाहेब निघाले तेव्हा सरकारने एका रुपयाचा भाव दोन शिलिंग धरला होता. तो भाव टिकला नाही. काही महिन्यांत रुपया घसरला आणि दीड शिलिंगाच्याही खाली आला. एका पौंडाचे वीस शिलिंग. म्हणजे २०० पौंड हवे असतील तर दोन शिलिंगांच्या भावाने २,००० रुपये पुरत. रुपया एक शिलिंग चार पेन्सवर आला की त्याच २०० पौंडांना ३,००० रुपये पडत. इकडे रुपयांत साठवलेली पुंजी तिकडे गेल्यावर तिसऱ्या हिश्श्याने आटली. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंडांचे कर्ज मागितले आणि विनिमयाच्या दराची ही अडचण सांगितली. पुढे त्यांनी डॉक्टर ऑफ सायन्ससाठी प्रबंध लिहिला तोही ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावर. रुपया घसरला म्हणजे काय होते, हे त्यांना ग्रंथांतून तर कळलेच, पण रिकाम्या पोटालाही कळले होते.

आता इकडच्या अर्ध्या घराकडे या. परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्या. त्यांत माता रमाई, मुले आणि घरची इतर माणसे. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चौघे लहानपणीच गेली. लंडन आणि परळ यांच्यामधल्या पत्रांत मुलांचे आजारपण आहे, पैशाची ओढाताण आहे, दागिने मोडायची वेळ आली त्याचा उल्लेख आहे. पत्र बोटीने जायचे. इकडून लिहिले की तिकडे पोहोचायला पंधरवडा आणि उत्तर यायला आणखी पंधरवडा. तोवर आजारी पोर बरे झालेले असे किंवा गेलेले असे.

लंडनच्या त्या खोलीत जो अभ्यास झाला त्याची किंमत परळच्या चाळीत चुकती झाली. हे आपण भाषणात म्हणतो, पण त्याचा अर्थ रोजच्या भाषेत सांगायला हवा. अर्थ असा की रमाईंनी महिना कसा काढला, उसने कुणाकडून आणले, औषध कुठून आणले, याचा जमाखर्च कुणी लिहून ठेवला नाही. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या तारखा आम्हाला पाठ आहेत: १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. रमाईंच्या त्या तीन वर्षांची एकही तारीख आपल्याला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा तिथे भिक्षूंचा एकही विहार नव्हता. अनागारिक धम्मपाल यांनी लंडनला विहार स्थापन केला तो १९२६ मध्ये. म्हणजे या विद्यार्थ्याला चार घटका बसावे, आपल्या माणसांत जेवावे अशी जागाच नव्हती. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्याची बातमी त्यांना परमुलखातच कळली. आधाराचा वड कोसळला. ते दुःख त्यांनी कोल्हापूरला सांत्वनाचे पत्र लिहून कळवले. दुसरे काय करणार?

वळिवड्याची छावणी

आता पुन्हा कोल्हापुरात येऊ, कारण परमुलखात समाज कसा उभा राहतो याचा एक धडा आपल्या दाराशीच घडून गेला आहे. जुन्या माणसांना आठवत असेल, वळिवड्याला ‘पोलंडवाले’ राहत होते.

१९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया यांनी पोलंड वाटून घेतले. पूर्वेकडच्या लाखो पोलिश माणसांना रशियाने सैबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे नेले. १९४१ नंतर सुटका झालेल्यांपैकी पुरुष फौजेत गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतल्या सुमारे ५,००० जणांची छावणी जून १९४३ पासून वळिवड्याला होती. ती १९४८ पर्यंत चालली. इथेही तेच: घराचा अर्धा भाग आघाडीवर आणि अर्धा भाग वळिवड्यात, पंचगंगेच्या पाण्यावर.

या माणसांनी काय केले ते बघा. प्रत्येक कुटुंबाला खोल्या आणि आपली चूल. पण त्यावर ती थांबली नाहीत. आल्याआल्या त्यांनी शाळा काढल्या, आपल्या भाषेतल्या. चर्च केले, दवाखाना चालवला, सहकारी दुकान घातले, नाटके केली, मुलामुलींची बालवीर पथके उभी केली. काही जण हवापालटासाठी पन्हाळ्यावरही राहत. उद्या आपण कुठे जाणार हे एकालाही ठाऊक नव्हते. तरी पोरांची एक इयत्ता बुडू दिली नाही. युद्धानंतर ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पोलंड अशी पांगली. छावणीच्या जागी फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव राहू लागले आणि गांधीनगर वसले.

ही पाच वर्षे त्यांच्या मनातून गेली नाहीत. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली.

या आदरातिथ्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण एक सल बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. हजारो मैलांवरून आलेल्या, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या खाण्यापिण्याच्या लोकांना या मुलखाने जागा दिली. याच मुलखात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम काढलेला होता. तरी १९४३ मध्ये गावकुसाबाहेरची वस्ती गावकुसाबाहेरच होती. परक्याला घरात घेणे सोपे आणि आपल्याला घेणे अवघड, हा आपल्या समाजाचा जुना रोग आहे. तो आपण युरोपात नेला की नाही, ते पुढे बघू.

कारखान्याच्या गावांतले विहार

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामगार कमी पडू लागले. ओतशाळा, कापडगिरण्या, रेल्वे, इस्पितळे, सगळीकडे माणूस हवा होता. हिंदुस्थानातून जे गेले त्यांत पंजाबच्या दुआबा भागातले पुष्कळ होते, आणि त्यांत बाबासाहेबांना मानणारे आपले बांधवही होते. वुल्वरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड, साउथॉल अशा ठिकाणी त्यांच्या वस्त्या झाल्या. महाराष्ट्रातले लोक त्या मानाने कमी. त्यांत डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, कचेरीतली माणसे जास्त. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचे.

पहिल्या वर्षांतले त्यांचे जिणे आपल्या गिरणगावासारखेच. एका घरात दहा-बारा पुरुष. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणात रातपाळीवाला झोपणार. आळीपाळीने स्वयंपाक. शुक्रवारी पगार, त्यातून घरी पैसे. बायकापोरे गावी. १९६२ मध्ये इंग्लंडने येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. पुढे दार बंद होईल या धास्तीने अनेकांनी कुटुंबे बोलावून घेतली. पाच-सहा महिने पैसे साठवून परत जाऊ म्हणणारा माणूस अशा रीतीने कायमचा तिथला झाला. पोरं शाळेत जाऊ लागली. घरात पंजाबी किंवा मराठी आणि बाहेर इंग्रजी.

मग प्रश्न उभे राहिले, जे पुस्तकात नसतात. १४ एप्रिलला तिथे सुट्टी नसते, मग जयंती जवळच्या शनिवार-रविवारी. जागा कुठली? शाळेचा नाहीतर पालिकेचा हॉल भाड्याने घ्यायचा. संध्याकाळी वेळ संपली की किल्ली परत, खुर्च्या लावून द्यायच्या, भिंतीवरचे फोटो उतरवून घरी न्यायचे. लग्न करायचे तर आधी रजिस्ट्रारकडे नोंदणी आणि मग आपल्या पद्धतीने मंगल परिणय. मूल जन्मले, नामकरण कोण करणार? आणि कुणी गेले तर? फ्लॉरेन्सला राजाच्या चितेला परवानगी घ्यावी लागली होती. या लोकांच्या वेळेपर्यंत इंग्लंडात दहनभूमी गावोगाव झाल्या होत्या, कारण १९०२ मध्ये तिथे दहनाचा कायदाच झाला. जागेचा प्रश्न सुटला होता. पण त्रिशरण-पंचशील म्हणायला आणि घरच्यांच्या शेजारी उभे राहायला माणूस लागतोच.

म्हणून लोकांनी वर्गणी काढली. वुल्वरहॅम्प्टनच्या अप्पर झोअर स्ट्रीटवर बुद्धविहार उभा राहिला. कामगारांच्या मजुरीतून उभी राहिलेली ही वास्तू. ज्यांना आपल्या गावात सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता आले नव्हते त्यांनी परमुलखात सर्वांना मोकळे दार बांधले. इंग्लंडमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संस्थांचा महासंघ स्थापन झाला. त्याने १९९४ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला बाबासाहेबांचा अर्धपुतळा दिला. ज्या वास्तूत तो विद्यार्थी अर्धपोटी शिकला तिथे त्याचे रूप मजुरांच्या संघटनेने बसवले. किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी ते स्मारक म्हणून खुले झाले.

विहाराने तिथे आणखी एक काम केले. पंजाबचा, महाराष्ट्राचा, उत्तर प्रदेशचा, श्रीलंकेचा आणि इंग्रज उपासक एका ठिकाणी आले तर बोलायचे कोणत्या भाषेत? वंदना पालीत. ती कुणाचीच घरची भाषा नाही, म्हणून कुणीच वरचढ नाही. तिथे जन्मलेल्या पोराला मराठी अडखळत येते, पण ‘बुद्धं सरणं गच्छामि’ तो आजीबरोबर स्वच्छ म्हणतो. आजीला आणि नातवाला जोडणारे एवढे तरी शब्द राहिले.

देवाणघेवाण एकतर्फी राहिली नाही. इंग्रज भिक्षू संघरक्षित बाबासाहेबांना भेटलेले होते, आणि १९५६ नंतर महाराष्ट्रातल्या नवबौद्धांत ते हिंडले. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७० च्या दशकाच्या शेवटी पुण्याला येऊन राहिले आणि त्यांनी धम्माचे काम सुरू केले. इंग्लंडात दारोदार फिरून गोळा केलेल्या देणग्यांतून महाराष्ट्रात मुलामुलींची वसतिगृहे चालली. आणखी पूर्वेला, हंगेरी देशात, रोमा लोकांनाही गावाबाहेर ठेवले जाते. तिथे शाजोकाझा या गावी रोमा मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची शाळा निघाली आणि ती मुले एकमेकांना ‘जयभीम’ करतात. सातासमुद्रापलीकडे आपले घर असे नात्यागोत्याबाहेरही वाढले.

जातही बोटीत बसली

आता मघाचा प्रश्न. समुद्र ओलांडला म्हणजे जात बुडते असे आपल्याला वाटते. ती बुडत नाही. ती वळकटीत बांधलेली असते. नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा, तिसरा गावात घर कुठल्या आळीला. एवढ्यावर समोरच्याचा हिशेब पुरा होतो. मग पुढच्या हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही. मुलाचे लग्न जमता जमता मोडते.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. २०१० मध्ये इंग्लंड सरकारने नेमलेल्या संशोधन संस्थेच्या अहवालात कामाच्या ठिकाणी आणि सेवांमध्ये जातीवरून भेदभाव होत असल्याचे पुरावे मांडले गेले. त्याच वर्षीच्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती. २०१३ मध्ये संसदेने तो करणे सरकारवर बंधनकारक केले. तिथल्या काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. जुलै २०१८ मध्ये सरकारने वेगळी तरतूद न करण्याचे ठरवले आणि हा प्रश्न न्यायालयांच्या निकालांवर सोडला.

दरम्यान एक खटला गाजला. घरकामासाठी भारतातून नेलेल्या एका आदिवासी महिलेला एका भारतीय कुटुंबात दिवसाला अठरा तास राबावे लागले. झोपायला जमीन, आणि मजुरीचा हिशेब केला तर तासाला ११ पेन्स. २०१४ च्या अखेरीस वरच्या न्यायाधिकरणाने म्हटले की जातीवरचा भेदभाव वांशिक भेदभावाच्या व्याख्येत बसू शकतो. २०१५ मध्ये तिला थकलेल्या मजुरीपोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. तीही परदेशात राहणारीच होती. तिचेही इकडे घर होते. पण तिला जोडून घेणारा समाज जवळ नव्हता, म्हणून तिची हाक चार भिंतींतच अनेक वर्षे राहिली.

म्हणून आम्ही म्हणतो, परमुलखात विहार ही केवळ वंदनेची जागा नाही. कुणी आजारी पडले, कुणाला कामावरून काढले, कुणाच्या घरात मारहाण होत असली, तर ज्या दारावर थाप मारता येते ती ती जागा आहे.

इकडच्या अर्ध्या घराचे काय?

एवढा इतिहास सांगितला तो काही अंगाला लावून घेण्यासाठी. आज पन्हाळा भागातून परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचे आपण विहारात सत्कार करतो. शाल, श्रीफळ, फोटो. चांगलेच आहे. पण विमान उडाल्यावर मागे राहिलेल्या आईबापाचे काय? फोन रोज येतो, चेहराही दिसतो. मनीऑर्डरची जागा बँकेने घेतली. पण दवाखान्यात बरोबर कोण जाणार, रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार, हे प्रश्न फोनवर सुटत नाहीत. रमाईंच्या वेळी पत्राला पंधरवडा लागत होता. आता क्षणात निरोप जातो, तरी म्हातारी घरात एकटीच असते.

आम्ही तीन गोष्टी सुचवतो. एक, ज्यांची मुले बाहेरगावी किंवा परदेशी आहेत अशा वडीलधाऱ्यांची यादी विहारात असावी आणि दर पौर्णिमेला कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन यावे. दोन, जो परदेशी निघेल त्याच्या हातात तिथल्या विहाराचा पत्ता द्यावा. आडनाव लपवून राहायची वेळ आपल्या पोरावर येऊ नये. तीन, आपल्या माताभगिनींनी नवरा मुंबईला किंवा मुलगा परदेशात असताना घर कसे चालवले ते त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. पुढच्या स्मरणिकेची निम्मी पाने त्यांच्यासाठी ठेवावीत. रमाईंचा जमाखर्च आपल्या हातून निसटला. निदान या माउल्यांचा तरी निसटू नये.

कार्ल्याच्या खांबांवर यवनांची नावे दोन हजार वर्षे टिकली, कारण कुणीतरी ती कोरून ठेवली. आपल्याकडे छिन्नी नसेल, वही आणि पेन तर आहे. या वर्षावासात कामाला लागू या.

नमो बुद्धाय! जयभीम!